मदत हवी आहे: मागच्या चाकाचे स्पोक तुटतात, मनाली-लेह तोंडावर आलंय

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या भावाने नोकरी सोडली आहे. त्याला आता सायकलवरच जगायचं आहे. १९६२ साली जर्मनीतून निघालेले आणि पुढची पन्नासहून जास्त वर्षं सायकलवरच फिरलेले हाइन्झ श्टुके हे त्याचं दैवत. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये एकटीने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हापासून तर घरात दुसरा विषयच नाही! आईचा विरोध मावळलाय, मीही त्याच्या पाठीशी आहे.

पहिला मोठा पल्ला मनाली-लेह. पण कोकणातल्या सरावात मागचे तीन स्पोक तुटले. तिन्ही कॅसेटच्या (मागच्या गिअरचक्रांच्या) बाजूचे, हबजवळच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याजवळच्या) वाकात कट्कन. चाक इतकं आउट झालं की टायर फ्रेमला घासत होता. मागे पॅनिअर (कॅरिअरला लटकवायच्या पिशव्या), तंबू, पाणी मिळून वीसेक किलो. दुकानदाराने नुसते स्पोक बदलून दिले, मला ते पटत नाही.

३२ ऐवजी ३६ स्पोकचं चाक बांधून घ्यावं का? पुण्या-मुंबईत हाताने चाक बांधणारा खात्रीचा कारागीर कोण? आणि वाटेतली तंगलांग ला खिंड ५,३०० मीटरच्या वर, तिथे स्पोक तुटला तर कॅसेट काढायला कोणती अवजारं सोबत ठेवता? अनुभव असलेल्यांनी जरूर सांगा.