रिझोल्यूशन कमी करू नका, स्केलिंग वाढवा

फोटोशॉपचे मेनू बारीक दिसतात म्हणून मॉनिटरचं ३८४० × २१६० चं रिझोल्यूशन (पडद्यावरच्या पिक्सेलची, म्हणजे ठिपक्यांची संख्या) २५६० × १४४० वर आणायचा सल्ला काहीजण देतात. फोटो एडिटिंगसाठी तो कृपया टाळा. एलसीडी पडद्याचे पिक्सेल ठरलेले असतात. १४४० आडव्या रेषा २१६० मध्ये बसवायच्या म्हणजे एका पिक्सेलचे दीड पिक्सेल करायचे, आणि अर्धा पिक्सेल तर नसतो. मग मॉनिटर शेजारचे रंग मिसळतो. पापणीचा केस १०० टक्के झूमवरही मऊ दिसतो, आपण शार्पनिंग (कडा ठळक करणं) वाढवत जातो आणि दुसऱ्या स्क्रीनवर त्याच केसाभोवती पांढरी कड उठून दिसते.

विंडोजमध्ये डिस्प्ले सेटिंग्जमध्ये रिझोल्यूशनसमोर 'रेकमेंडेड' लिहिलेलं असतं, तेच ठेवा. अक्षरं मोठी करायची ती तिथल्याच 'स्केल'मधून. २७ इंची ४के (३८४० × २१६०) मॉनिटरला १५० टक्के बहुतेकांना पुरतं. नंतर फोटोशॉपमध्ये एडिट, प्रेफरन्सेस, इंटरफेस इथे जाऊन यूआय स्केलिंग 'ऑटो' आणि फॉन्ट साइज 'मीडियम' करा. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडल्याशिवाय फरक दिसत नाही. इथेच बरेचजण फसतात.

जुन्या आवृत्तीत तरीही मेनू बारीकच राहिला, तर तिच्या ईएक्सई फाइलच्या (प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या फाइलच्या) प्रॉपर्टीजमध्ये कंपॅटिबिलिटी टॅबवर हाय डीपीआय सेटिंग्ज आहेत. तिथे ओव्हरराइडवर टिक करून 'सिस्टिम' निवडा. मेनू वाचता येतील, पण विंडोज अख्खी खिडकीच ताणतं, चित्रासकट. त्यामुळे शार्पनेस तपासायच्या वेळी ती टिक काढा.