खायचा सोडा कुठे चालतो, कुठे नाही

ए-२०३: नमस्कार मंडळी. खायचा सोडा आणि लिंबू एकत्र करून चेहऱ्याला लावलं की काळपटपणा जातो, असा फॉरवर्ड फिरतोय. लेक आज लावणार म्हणून बसलीये. काही अपाय नाही ना?

सी-१०१: चेहऱ्याचं माहीत नाही. मी नळांना सोडा आणि व्हिनेगर लावून पाहिलं. फेस भरपूर आला, पांढरे डाग जसेच्या तसे. टँकर सुरू झाले की नळांची पार वाट लागते.

बी-४०४: ए-२०३ ताई, आधी लेकीला थांबवा. मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.
त्वचेचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, साधारण ५, म्हणजे किंचित आम्ल. सोड्याचं पाणी ८ च्या वर, म्हणजे आम्लाच्या उलट, अल्कली. त्याने त्वचेवरचं नैसर्गिक तेल निघून जातं. त्या वेळी तुकतुकीत वाटतं, मग कोरडेपणा आणि खाज. लिंबाचं तर त्याहून वाईट. कागदी लिंबाचा रस लागलेल्या जागी ऊन पडलं की चट्टे, कधी फोडही उठतात, आणि मागे राहिलेले तपकिरी डाग जायला आठवडे, कधी महिने लागतात. आपल्या मुली दुपारच्या उन्हात स्कूटरवरून कॉलेजला जातात, म्हणून कळकळीने सांगतेय.

ए-२०३: बापरे. थांबवलं तिला. मग काय लावू दे तिला?

डी-५०२: अगं बेसन आहे ना घरात. त्यात दूध आणि चिमूटभर आंबेहळद. पार वाळू द्यायचं नाही, ओलसर असतानाच धुवायचं. वाळलेलं ओरबाडून काढलं की कातडी लाल होते. आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघ म्हणावं.

ए-२०३: हो आजी, तसंच करते.

सी-१०१: काकू, नळांचं सांगा ना.

बी-४०४: तो डाग म्हणजे मुख्यतः चुना, कॅल्शियम कार्बोनेट. टँकरने येणारं बोअरचं जड, म्हणजे क्षारांचं पाणी वाळलं की मागे राहतो. चुना आंबटाने विरघळतो, सोड्याने नाही. आणि दोन्ही एकत्र केले की एकमेकांचा जोर मारतात. फेस म्हणजे नुसता कार्बन डायऑक्साइड, तो उडाला की उरतं ते मिठवणी पाणी.
नुसत्या व्हिनेगरमध्ये फडकं भिजवून नळाला गुंडाळा, अर्ध्या तासाने जुन्या टूथब्रशने घासा आणि लगेच पाण्याने धुऊन टाका. नळाच्या तोंडाची जाळी फिरवून काढा, कडेला वाळूसारखे कण दिसतील. ती वाटीभर व्हिनेगरमध्ये टाकली की कणांभोवती बारीक बुडबुडे धरतात. तो चुना विरघळतोय. जाळी मोकळी झाली की नळाची धारही सुधारते.

बी-१०२: देवघरातल्या मार्बलवर चालेल का हे?

बी-४०४: अजिबात नाही! मार्बल काय, कोटा काय, दगडच चुन्याचा. व्हिनेगर, लिंबू काहीही सांडलं तर लगेच पुसा, नाहीतर तिथली चकाकी गेलीच.

सी-१०१: मग सोड्याचा पुडा आणलाय त्याचं काय करू?

बी-४०४: भरपूर कामं आहेत त्याला. स्टीलच्या पातेल्यात दूध लागलं की तळ बुडेल इतकं पाणी आणि दोन चमचे सोडा, पाच-दहा मिनिटं उकळू द्या. काळी खपली कडेने सुटायला लागते, मग लाकडी उलथन्याने सहज निघते. अॅल्युमिनियमच्या कढईत मात्र नको, काळी पडते. फ्रीजच्या वासाला उघड्या वाटीत ठेवा. चिकट शेगडीला ओला करून लावा.

ए-३०४: बाथरूम तुंबलंय, त्यात टाकू?

बी-४०४: केस अडकले असतील तर सोड्याने विरघळत नाहीत. जाळी उचलून हातानेच काढावे लागतील. आणि कडकडीत उकळतं पाणी ओतू नका, पीव्हीसीचे पाइप आहेत आपले.
विषय निघालाच आहे तर महत्त्वाचं. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा टॉयलेटचं अॅसिड कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो थेट छातीत जातो. सफाईच्या मावशींना कुणी हे सांगितलंय का?

सेक्रेटरी: काकू, नाही सांगितलेलं. क्लब हाउसच्या कपाटात दोन्ही एकाच खणात आहेत. सकाळी वेगवेगळे ठेवतो आणि मावशींशी स्वतः बोलतो.