कॅमेरा बंद, माईक म्यूट, कादंबरी चालू : तुमचे अनुभव सांगा

ठाणे, नौपाडा

सुरुवात मीच करते. १९९६ ला बी.कॉम. झाले, मग नोकरी, लग्न, मुलं, सगळं रीतसर. मराठीत एम.ए. करायचं डोक्यात होतं ते पंचवीस वर्षं तसंच राहिलं आणि शेवटी ऑनलाइन कोर्स निघाला म्हणून मुलीनेच फॉर्म भरून टाकला. शनिवार-रविवार संध्याकाळी सात ते नऊ लेक्चर. आधुनिक कादंबरीच्या पेपरला सहा पुस्तकं : रणांगण, बनगरवाडी, धग, सावित्री, कोसला आणि ब्र. इथल्या बऱ्याच जणांनी असे कोर्स केलेत किंवा चालू आहेत असं दिसतंय, तर वाचताना काय झालं ते लिहा, परीक्षेच्या नोट्स नकोत प्लीज.

पहिल्याच लेक्चरला मॅडमनी विचारलं, रणांगण वाचून काय वाटलं सांगा. चाळीस गोल, चाळीस आद्याक्षरं, कोणी बोलेना. तेवढ्यात कोणाचा तरी माईक चालू राहिला होता त्याच्या घरच्या कुकरची शिट्टी झाली. मॅडम म्हणाल्या, चला, एक मत तर आलं!

रणांगण मी ट्रान्सहार्बरने ऑफिसला जाता येता वाचली. विश्राम बेडेकरांची १९३९ ची कादंबरी, हातात मावेल एवढी. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर चक्रधर आणि हॅर्टा, ती जर्मनीतून बाहेर पडलेली ज्यू मुलगी. थोडे दिवस एका बोटीवर माणसं एकमेकांना चिकटतात आणि किनारा आला की संपलं. मॅडमनी फक्त सालाकडे बोट दाखवलं, म्हणाल्या, हे छापून आलं तेव्हा पुढे त्या लोकांचं काय होणार ते जगाला कळायचं होतं. हे ऐकल्यावर मी परत पहिल्या पानापासून वाचायला घेतली आणि दुसऱ्या वाचनात तुर्भे गेलं, सानपाडा आलं तरी मला पत्ता नाही. लेटमार्क लागला तो लागलाच.

कोपरखैरणे

ताई, मी कांदा-बटाटा मार्केटला दिवाणजी आहे, पहाटे चारला उठतो, त्यामुळे संध्याकाळच्या लेक्चरला अर्धा वेळ डुलक्याच. बनगरवाडीला मात्र जागा होतो, कारण आमचं गाव आटपाडीकडलं. सर शिकवत होते की व्यंकटेश माडगूळकरांनी माणदेश कसा उभा केला, भाषा कशी साधी, वाक्यं कशी छोटी, ते सगळं बरोबर, पण मेंढरं शेतात बसवतात हे ते सांगायला लागले आणि त्यांना वाटत होतं की मेंढरं दमतात म्हणून बसवतात. आयुष्यात पहिल्यांदा म्यूट काढला. म्हटलं सर, बसवणं म्हणजे खतासाठी. शेतकरी बोलावतो, रात्रभर खांड, म्हणजे मेंढरांचा कळप, त्याच्या रानात राहते, लेंड्या-मूत पडतं, त्याबदली धनगराला धान्य मिळतं. वाघर म्हणजे काय तेही सांगितलं, कडेनं जाळी लावतात ती. सर खरंच चांगले, म्हणाले थांबा, मी लिहून घेतो. एवढं बोललो त्याचा दोन दिवस अंगात ताप असल्यासारखं वाटत होतं.

पुढचं सांगतो. वडील माथाडी होते. बहात्तरच्या दुष्काळात गाव सोडलं, आधी मशीद बंदर, मग बाजार वाशीला आला तसे इकडे. त्यांना वाचायला फारसं येत नाही म्हणून रोज जेवणं झाल्यावर मी मोठ्याने वाचायचो, आई भांडी घासता घासता ऐकायची. गावाने मिळून तालीम बांधली तिथे वडील मांडीवर थाप मारून म्हणाले, आता कसं! आणि मग दुष्काळ पडला आणि एकेक घर वाडी सोडायला लागलं. वडील काही बोलेनात. दुसऱ्या दिवशी वाचू का म्हटलं तर म्हणाले, पुढचं मला ठावं हाय. शेवटची पानं मी एकट्यानेच वाचली. पुस्तक १९५५ चं, आमचा दुष्काळ त्यानंतरचा, तरी त्यांना ठावं होतं.

घोडबंदर रोड

मी उलट्या बाजूचा अनुभव लिहितो, राग मानू नये. कोसला मला झेपली नाही. भालचंद्र नेमाडे ज्ञानपीठवाले, मान्य. १९६३ साली पंचविशीतल्या मुलाने हे असं लिहिणं म्हणजे काय धाडस असेल, तेही मान्य. सरांनी दोन लेक्चरं त्या 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ' वर घेतली, की हे शब्द उगाच येत नाहीत, गंभीर बोलायला गेलं की नायक पांडुरंग सांगवीकर स्वतःच स्वतःची हवा काढतो, ते पटलंही. पण माझा प्रॉब्लेम वेगळा आहे. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे आणि माझा मुलगा पुण्यात होस्टेलला आहे. मी कोसला सांगवीकरांच्या बापाच्या बाजूने वाचली!! म्हणजे पांडुरंग पुण्यात पैसे उडवतोय, परीक्षांचे बारा वाजवतोय आणि मी दर पानाला हिशोब करतोय. शेवटी खरंच एक्सेल शीट उघडली. बायको म्हणाली तुझं साहित्य पण टॅलीत जातं. असाइनमेंट लिहिली 'पांडुरंगच्या वडिलांचं नक्की काय चुकलं', दहापैकी सहा मिळाले आणि खाली शेरा, पात्राशी भांडू नका, कादंबरीशी भांडा. हा शेरा मी प्रिंट काढून डेस्कवर लावलाय.

मनूचं, म्हणजे पांडुरंगच्या धाकट्या बहिणीचं, प्रकरण वाचलं तेव्हा मात्र गायमुखच्या ट्रॅफिकमध्ये होतो, बस तासभर हलली नाही ते बरं झालं. त्यावर जास्त लिहीत नाही.

मुलाला वाच म्हटलं तर त्याने एका रात्रीत संपवली आणि सकाळी फोन करून म्हणतो, बाबा भारी आहे, आणि दोन हजार पाठवा.

कळवा

दादा दोन हजार पाठवलेत का ते नाही लिहिलंत 😀

मी मूळची अमरावतीकडची, इकडे एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स. आम्हाला धग शिकवायला होते ते सर कोकणातले. सर विद्वान, पण उद्धव शेळक्यांचे संवाद वाचायला लागले की मला हसू आवरेना, वऱ्हाडी अशी वाचत होते की जणू दूरदर्शनच्या बातम्या. 'काहून' (म्हणजे 'का') हा शब्द त्यांनी 'का हून' असा तोडून वाचला. मी चॅटमध्ये लिहिलं, सर मी वाचू का? तेव्हापासून धगचे सगळे संवाद मीच वाचले. नाइट ड्युटी असली की चेंजिंग रूममध्ये स्टुलावर बसून वाचायची, बाहेरून सिस्टर कोण भांडतंय आत म्हणून बघायला यायच्या.

ती कौतिक. काय बाई आहे ती! नवरा शिंपी, कामाला हात नाही, आणि ही मोलमजुरी करून घर ओढते, पोरांना शिकवायचं बघते, आणि जरा कुठे बरं चाललं की वरून काहीतरी कोसळतंच. माझ्या मावशीची जशीच्या तशी. मावशी म्हणायची, "मले रडाले टाइम कुठी हाय बाप्पा". वर्गात एका मुलीने विचारलं की ही बाई नवऱ्याला सोडून का नाही देत, आणि मग जे भांडण लागलं ते दहा वाजले तरी संपेना, सरांनी लिंक बंद केली तर लोक ग्रुपवर भांडले.

तिच्या नवऱ्याला, महादेवला, महारोग होतो तिथे सगळे प्रतीक वगैरे बोलत होते. मला राहवलं नाही, मी सांगितलं की आता त्याला एमडीटीच्या, म्हणजे दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या, गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, प्रकारानुसार सहा महिने नाहीतर वर्षभराचा कोर्स, आणि माणूस बरा होतो. कादंबरी १९६० ची, तेव्हा हे कॉम्बिनेशन नव्हतं. सर म्हणाले, सिस्टर, हे समीक्षेत बसत नाही. बसत नसेल. पण वर्गातल्या निम्म्या लोकांना तो रोग स्पर्शाने लगेच लागतो असंच वाटत होतं, मग सांगायला नको का?

नेरुळ

मी तुम्हा सगळ्यांत मोठी, सदुसष्ट पूर्ण. नातवाने मोबाइल स्टँडवर लावून दिला पण तोंड कुठे करायचं ते कळत नव्हतं, पहिला महिना वर्गाला माझं कपाळ आणि पंखा दिसला.

सावित्रीबद्दल लिहिते. पु. शि. रेग्यांची, १९६२ ची. नुसती पत्रं आहेत आणि तीही तिचीच. ज्याला ती लिहिते तो काय लिहितो ते आपल्याला कधी वाचायला मिळत नाही, तिच्या पत्रांवरून ओळखायचं. वर्गातली बावीस-तेवीसची पोरं म्हणाली, काकू हे म्हणजे ब्ल्यू टिक दिसते पण चॅट अर्धाच. मला आधी राग आला, मग वाटलं अगदी चूक नाही. आमचे हे बोटीवर होते, सहा-सहा महिने. माझी सगळी पत्रं त्यांनी जपून ठेवली, ते गेल्यावर सापडली. त्यांची मात्र माझ्याकडून दोन घरं बदलताना हरवली. म्हणजे आमच्याही घरात आता एकाच बाजूची पत्रं आहेत. मी हे वर्गात सांगितलं नाही, इथे सांगते आहे.

त्यातली लच्छी आणि मोराची गोष्ट मी नातीला सांगितली. ती विचारते, मोर कुठे राहतो, डीपीएस तलावाजवळ का? म्हटलं तिथे फ्लेमिंगो गं.

वागळे इस्टेट

काकूंचं वाचून लाज वाटली पण लिहितोच. मला सावित्री वाचायला वेळ झाला नाही, कंपनीत ऑडिट होतं. एका ॲपला सांगितलं सारांश दे. त्याने सुंदर मराठीत दोन पानं दिली, मी तशीच सबमिट केली. मॅडमचा मेल आला, "सावित्रीला आलेल्या उत्तरांबद्दल आपण फार छान लिहिले आहे. ती उत्तरे आपल्याला कोठे वाचायला मिळाली ते कळवावे, माझ्या प्रतीत नाहीत." शून्य मार्क. मग वाचली. दीड दिवसात होते हो ती! ऑडिटचं कारण पण खोटंच होतं म्हणा.

बेलापूर गावठाण

मी आगरी. आमच्या घरात नेटवर्क येत नाही, चारही बाजूंनी टॉवर उभे राहिलेत, त्यामुळे लेक्चर गच्चीवर, पावसात छत्री धरून. माझी तक्रार कादंबऱ्यांबद्दल नाही, यादीबद्दल आहे. पूरक वाचनाला जयवंत दळवींची चक्र होती, मधु मंगेश कर्णिकांची माहीमची खाडी होती, भाऊ पाध्यांचं वासूनाका मी स्वतःहून वाचलं, आणि खरं सांगायचं तर पेपरातल्या सहाही पुस्तकांपेक्षा मला तेच जवळचं वाटलं, नाक्यावरची पोरं जशी बोलतात तशी बोलतात, उगाच शहाणी होत नाहीत. पण हे सगळं खाडीच्या पलीकडचं, मुंबईचं. मी विचारलं, सर, इकडचं काय? मिठागरं, भातशेती, नवी मुंबई शहर बसवायला जमिनी गेल्या ते, १९८४ ला उरणजवळच्या जासईच्या आंदोलनात गोळीबारात पाच जण गेले ते? सर म्हणाले, शोधा, आणि नाही सापडलं तर लिहा. लिहा म्हणणं सोपं आहे. शोधतोय. कोणाला माहीत असेल तर सांगा, अगदी छोट्या प्रकाशनाचं असलं तरी चालेल. प्रोजेक्टसाठी आजीला रेकॉर्ड करायला बसलो तर ती म्हणते, कादंबरी नको लिवू, आमची मिठागरांची मोजणी लिव, किती होती नि किती दिली. तीन तासांचं रेकॉर्डिंग झालंय, त्यात दोन तास नुसती शेतांची नावं.

खारघर

दादा, ते रेकॉर्डिंग जपा, दोन ठिकाणी कॉपी ठेवा.

माझं छोटंच. कविता महाजनांची ब्र, २००५ ची. आदिवासी भागातल्या, पंचायतीत निवडून आलेल्या बायकांची. मी अख्खं सेमिस्टर एक अक्षर बोलले नव्हते, कारण आमच्याकडे हॉल एकच, सासरे बातम्या लावून बसलेले, मी इअरफोन घालून किचन ओट्यावर. त्या दिवशी मॅडमनी विचारलं, निवडून आलेल्या बाईऐवजी नवरा मीटिंगला बसतो असं कोणी पाहिलंय का? आमच्या गावी मोठी जाऊबाई सरपंच होती, सही तिची, बाकी सगळं भाऊजींचं. मी सांगितलं. टीव्हीच्या वर आवाज काढून सांगितलं. सासऱ्यांनी टीव्ही म्यूट केला आणि ऐकत राहिले. नंतर काही बोलले नाहीत, पण रात्री पुस्तक टेबलावरून गायब होतं, आणि सकाळी चष्म्याच्या घरासकट परत जागेवर.

ठाणे, नौपाडा

परत मीच. दोन दिवस आले नाही तर इथे केवढं जमलंय! कोपरखैरण्याच्या दादांनी वडिलांना आता माडगूळकरांच्या कथा वाचून दाखवाव्यात असं सुचवते, त्यात हसायलाही मिळेल. पुस्तकं कुठे मिळतात असं दोघांनी विचारलंय. ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, १८९३ पासूनचं. मला धग लायब्ररीतूनच मिळाली, मार्जिनमध्ये कोणीतरी पेन्सिलने प्रत्येक वऱ्हाडी शब्दाचा अर्थ लिहिलेला होता आणि त्यातले निम्मे कळव्याच्या सिस्टरनी नंतर चुकीचे ठरवले. मी खोडून नीट लिहिलेत, पेन्सिलनेच.

आणि हो, माझी रणांगणची प्रत आपल्या बॅचमधल्या कोणाकडे तरी आहे. कव्हर फाटलंय, आत ठाणे-तुर्भे पास आहे. पास संपलाय, तो ठेवा हवं तर, पण पुस्तक बावीस तारखेच्या आत द्या, पेपर आहे.