दख्खनचे कालवे खरंच तोट्यात होते का? मुंबई इलाख्याच्या पाणीपट्टीचा हिशेब

ओरसंगकाठ

परवा वढवाणा तलावाच्या पक्ष्यांवरून निघालेल्या गप्पांत एक वाक्य आलं: 'बडोद्याच्या गायकवाडांनी जोजव्याला ओरसंग नदी अडवली, १९०९-१० मध्ये तळं भरून पंचवीसेक गावं भिजवली, इंग्रजांनी दख्खनमध्ये कालवे काढले ते कायम तोट्यात.' पूर्वार्ध मान्य. उत्तरार्ध नाही, म्हणून वेगळा धागा.

तोटा ठरवायची सरकारी कसोटी अशी होती: काम पूर्ण झाल्यापासून दहा वर्षांत निव्वळ उत्पन्नातून भांडवलावरचं व्याज सुटलं तर काम 'उत्पादक', नाही तर 'अनुत्पादक'. व्याजाचा दर आधी ४ टक्के, १९२१ नंतर ६. पण 'भांडवल' म्हणजे नुसता बांधकामाचा खर्च नव्हे. थकलेलं सरळव्याजही त्यात चढवलं जाई.

मानलेल्या आकड्यांवर बघा. कालव्याला १ कोटी लागले, काम आठ वर्षं चाललं. बांधकामाच्या काळातलं व्याज ४ टक्क्यांनी सरासरी चार वर्षांचं धरलं तर १६ लाख. पुढच्या दहा वर्षांत निव्वळ उत्पन्न अर्ध्या लाखावरून अडीच लाखांवर गेलं, म्हणजे सरासरी दीड लाख. व्याज ४ लाख, दर वर्षी अडीच लाख थकले, दहा वर्षांत २५ लाख. आता खात्यावर बोजा १ कोटी ४१ लाख. दहाव्या वर्षी अडीच लाख मिळवणारा कालवा मूळ खर्चावर अडीच टक्के देतो, वहीत मात्र पावणेदोन टक्केच दिसतो. चार टक्के दाखवायला त्याला साडेपाच लाखांच्या वर कमवावे लागतील. पहिली दहा वर्षं शेतकरी पाणी घ्यायला शिकत असतो, जमीन सपाट करत असतो, पोटचाऱ्या काढत असतो. त्याच काळाचा दंड कालव्याला जन्मभर.

शिवाय दुष्काळात जे मदतकाम काढावं लागलं नाही, जी तगाई (शेतकऱ्यांना दिलेलं सरकारी कर्ज) बुडाली नाही, त्याचा एक रुपयाही या वहीत जमा नाही.

मांडवीकर

दंड कसला? ते व्याज खरंच कुणीतरी भरत होतं. १९२१ पर्यंत हिंदुस्थान सरकार मधे होतं. माँटफर्ड (माँटेग्यू-चेम्सफर्ड) सुधारणांनंतर पाटबंधारे हे प्रांताचं 'राखीव', म्हणजे गव्हर्नरच्या हातातलं, खातं झालं आणि कर्जाचं व्याज मुंबईच्या तिजोरीतून जाऊ लागलं. ५० लाखांच्या वरच्या योजनेला भारतमंत्र्यांची मंजुरी लागे, पण हप्ता मुंबईनेच भरायचा. शिक्षण, आरोग्य ही खाती लोकनियुक्त मंत्र्यांकडे, पैसा मात्र एकाच पेटीतला. कालव्यातून व्याज सुटलं नाही की शाळेच्या अनुदानाला कात्री.

आणि दुष्काळाची बचत जमा धरायचीच तर त्यासाठी मिळत होतं तेही धरा. दुष्काळ विमा म्हणून प्रांतांना दर साल ठरावीक रक्कम बाजूला काढायची सक्ती होती. मुंबईला ६३ लाख ६० हजार, मध्य प्रांताला ४७ लाख २६ हजार. संरक्षक पाटबंधारे त्यातून करता येत. म्हणजे दुष्काळ टाळण्याची किंमत वेगळ्या खात्यातून दिली जात होतीच.

चारी नंबर सात

दोघांचं भांडण वहीच्या उजव्या रकान्यावर आहे. उत्पन्न गळत होतं ते डाव्या रकान्यात, शेताच्या बांधावर.

पाणीपट्टी घनफुटावर नव्हती, पीक आणि एकर यांवर होती. आधी पाण्याचा अर्ज, मग मंजुरी, मग पाळी (पाणी घ्यायचा ठरलेला क्रम), मग भिजलेल्या क्षेत्राची मोजणी, मग आकारणी. यातल्या प्रत्येक पायरीला गळती. मोघ्यातून, म्हणजे चारीच्या तोंडातून, किती पाणी गेलं याचं मोजमाप नाही, त्यामुळे एक एकराचा अर्ज देऊन सव्वा एकर भिजवलं तर मोजणीदार बांधावर आला तरच कळणार. आणि एकरावर पट्टी म्हटल्यावर पाणी बेताने वापरून शेतकऱ्याला एक पैसा वाचत नाही.

आता पाण्याचा हिशेब. एक क्युसेक (सेकंदाला एक घनफूट) चोवीस तास चालला की साधारण दोन एकर-फूट, म्हणजे दोन एकरांवर फूटभर पाणी. उसाची पाळी दहा दिवसांची, म्हणजे पाळीत वीस एकर-फूट. शेतात एका वेळी चार इंच दिलं तर कागदावर साठ एकर भिजतात. मुरमाड पट्ट्यातून जाणाऱ्या कच्च्या कालव्यात आणि चाऱ्यांत चाळीस टक्के मुरलं तर उरतात छत्तीस. खाली मुरलेल्या पाण्याची पट्टी कोणाकडून घ्यायची?

तर त्याचीही तरतूद होती! १८७९ च्या मुंबई पाटबंधारे कायद्याचं कलम ४८: कालव्यापासून २०० यार्डांच्या आत जमिनीला पाझराने पाटाच्या पाण्याइतकाच फायदा होत असेल तर पट्टी लावता येते. पण मुरूम २०० यार्डांवर थांबत नाही. उतार असेल तर अर्ध्या मैलावरच्या विहिरीला पाझर लागतो. त्या विहिरीवर बारमाही बागायत, पाणीपट्टी शून्य.

ओरसंगकाठ

मी तेच म्हणतोय. आणि त्या विहिरीवाल्याचा शेतसारा तरी वाढला का? नाही. १८७९ च्याच जमीन महसूल कायद्यातलं कलम १०७ सांगतं की खातेदाराने स्वखर्चाने केलेली सुधारणा फेरआकारणीत धरायची नाही. विहीर त्याने स्वतः खणलेली. म्हणजे पाणी सरकारी कालव्याचं, विहीर खासगी. पाणीपट्टी नाही कारण २०० यार्डांच्या बाहेर, सारा नाही कारण सुधारणा स्वतःची. फायदा खरा, जमेला काहीच नाही. मग 'कालवा तोट्यात' असं लिहायचं!

सिंधकडे बघा. तोही १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच. तिथे पाणीपट्टी वेगळी नाही, साऱ्यातच मिसळलेली, आणि साऱ्याचा बहुतेक भाग कालव्याच्या नावे जमा. त्याच भरवशावर सक्करचा लॉइड बंधारा उभा राहिला, ६० फुटी ६६ गाळे, सात कालवे, १९३२ साली सुरू. सरकार एक, तिजोरी एक, हिशेबाच्या रीती दोन. पुण्याकडच्या नीरा कालव्याला सिंधची रीत लावली असती तर टक्केवारी वेगळी दिसली असती.

मांडवीकर

लावताच येत नाही. सिंधमध्ये पाऊस नावापुरता. कालवा नसेल तर पीकच नाही, म्हणून तिथला सारा म्हणजे कालव्याचीच कमाई. नीरा कालव्यावरच्या बारामतीत कालव्याच्या आधीपासून ज्वारी-बाजरी होत होती आणि तिचा जिराईत सारा भरला जात होता. तो कालव्याच्या नावे लिहिला तर तीच रक्कम दोनदा मोजली असं होईल. पंजाबातला खालचा चिनाब कालवा तीस टक्क्यांच्या वर परतावा देत होता, कारण तिथे 'बार' म्हणतात त्या दोन नद्यांमधल्या ओसाड सरकारी माळावर वसाहती उठवल्या. रिकाम्या जमिनीवर नवी वस्ती आणि जुन्या गावात नवं पाणी, यांची तुलना नको.

दख्खनचं खरं दुखणं मागणीचं. काळी जमीन ओल धरून ठेवते. आपल्याकडच्या कानममध्ये (भरूच-बडोद्याच्या काळ्या जमिनीच्या पट्ट्यात) कपाशीवाल्याला चांगल्या सालात पाणी द्या म्हटलं तर तो हात जोडेल. तसंच सोलापूर-पुण्याकडे. पाऊस बरा असेल तर अर्ज येत नाहीत. ऑगस्टमध्ये उघडीप पडली की सगळे एकाच आठवड्यात अर्ज घेऊन उभे. कालव्याची वहनक्षमता तेवढी नसते. म्हणजे पाणी असतं तेव्हा गिऱ्हाईक नाही, आणि गिऱ्हाईक येतं तेव्हा पाणी पुरत नाही. कोणतीही हिशेबाची रीत लावा, हे झाकता येत नाही.

सूरसागर

यावर मध्य प्रांताने काढलेला उपाय आणि त्याचं काय झालं तेही सांगायला हवं. तिथे भातासाठी कालवे काढले आणि गावाने दीर्घ मुदतीचा करार करावा अशी पद्धत ठेवली: पाऊस पडो न पडो, ठरलेली पट्टी दर वर्षी. खात्याचं उत्पन्न स्थिर. शेतकऱ्याच्या बाजूने बघा: बऱ्या पावसात भाताला कालव्याचं पाणी नको असतं, आणि दहा वर्षांच्या पट्टीच्या रकमेत गावाचं स्वतःचं तळं होतं.

धमतरीजवळच्या (आजच्या छत्तीसगडातल्या) कंडेल गावाने करार नाकारला. १९२० च्या पावसाळ्यात खात्याने पाणी चोरल्याचा ठपका ठेवून गावावर चार हजारांच्या आसपास दंड बसवला. वसुलीसाठी गुरं जप्त केली, बाजारोबाजार लिलावाला नेली, बोली लावायला कोणी पुढे आलं नाही. पंडित सुंदरलाल शर्मा, नारायणराव मेघावाले, छोटेलाल श्रीवास्तव यांनी लढा उभा केला आणि डिसेंबरात सरकारला दंड मागे घ्यावा लागला. मांडवीकरांचा 'मागणीचा दोष' सरकारला माहीत होता. तो भरून काढायला सक्ती हाच मार्ग सुचला, ही खरी गोष्ट.

मांडवीकर

कंडेलला बाजू मांडण्यासारखं माझ्याकडे काही नाही. पण मुंबईने करार लादले नाहीत, ऊस लावला. अभियंते विश्वेश्वरय्या यांची ब्लॉक पद्धत तीच: सहा वर्षांसाठी ठरावीक क्षेत्राला पाण्याची हमी, त्यात तिसरा हिस्सा ऊस, बाकी हंगामी पिकं, ऊस दर वर्षी जागा बदलणार. कागदावर उत्तम. खात्याला सहा वर्षांची पट्टी आधीच माहीत, शेतकऱ्याला भरवसा.

चारी नंबर सात

कागदावर. ऊस एका एकराला वर्षात अठ्ठावीस-तीस पाळ्या खातो, रब्बी ज्वारी तीन-चार. एका एकर उसात आठेक एकर ज्वारी गेली. दुष्काळ निवारणासाठी बांधलेल्या कालव्यावर ज्वारीच कालव्याच्या शेवटच्या टोकाकडे कोरडी राहिली, कारण उसाची पट्टी जास्त आणि टक्केवारी सुधारायची होती. उत्पादकतेच्या कसोटीने केलेलं नुकसान कुठलं म्हणाल तर हे.

दुसरं नुकसान जमिनीचं. नीरा डावा कालवा १८८५ चा. वरून अखंड भिजवण, खाली मुरूम, त्याखाली कठीण कातळ. पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. आधी नाल्याकाठच्या खोलगट पट्ट्यात विहिरीचं पाणी वर येतं, मग कडेला पांढरी खपली धरते, मग ऊस पिवळा पडतो, मग जमीन चोपण, म्हणजे खारवून नापीक. अभियंते इंग्लिस यांच्या पाहण्या आणि चर खोदायची कामं त्यानंतरची. उतारावर आडवे चर मुरमापर्यंत नेले तरच उपयोग. वरच्या काळ्या थरातच थांबले तर पावसाचं पाणी वाहतं, पाझर तसाच राहतो. हा चराचा खर्च कालव्याच्या खात्यात, आणि चोपण जमिनीवर पट्टी माफ. ओरसंगकाठ म्हणतात तसा हिशेबाचा खेळ थोडा होता, पण यातला तोटा खराखुरा होता.

कोठीपोळ

१९३२ नंतर साखरेला जकातीचं संरक्षण मिळालं आणि कालव्यांवर कारखाने आले. त्याआधी गुळाचे भाव कोसळले तेव्हा पट्टी थकत होती. म्हणजे 'उत्पादक की अनुत्पादक' हे बरंचसं गुळाच्या बाजारावर ठरत होतं. एवढंच.

ओरसंगकाठ

ते मान्य. पण मूळ मुद्दा सुटतोय. २०० यार्डांची मर्यादा सैल केली असती, तर उसावर इतका भार टाकायची गरज पडली नसती. पाझरावरच्या विहिरींवर थोडी पट्टी, रब्बीला जास्त पाणी. तुम्ही तोटा मागणीच्या माथी मारता. मी म्हणतो ज्यांनी पाणी खरंच वापरलं त्यांच्याकडून पट्टी घेतलीच नाही.

चारी नंबर सात

सिद्ध कसं करणार? विहिरीतलं पाणी कालव्याचं की नाल्याचं की पावसाचं, हे कागदावर सांगता येत नाही. करायचं तर असं: उन्हाळ्यात, पावसाचा संबंध नसताना, कालवा बंद असलेल्या आठवड्यात आणि चालू झाल्यावर दहाव्या-पंधराव्या दिवशी त्याच विहिरीची पातळी मापायची, मोट बंद ठेवून, सकाळी उपसा सुरू व्हायच्या आत. दोन-तीन पाळ्यांत पातळी कालव्याबरोबर चढउतरली तर पाझर कालव्याचा. पण जवळ नाला वाहता असेल तर हीसुद्धा परीक्षा फसते, कारण कालव्याचं वाया गेलेलं पाणी नाल्यातही उतरतं. एका कालव्यावर अशा शेकडो विहिरी. मोट बंद ठेवा म्हणून सांगायला जाणारा माणूस, त्याचा पगार, वर अपिलं.

मांडवीकर

आणि मोट दोन दिवस बंद ठेवल्याबद्दल पिकाची भरपाई कोणत्या खात्यात लिहायची, तेही सांगा.