मदत हवी आहे : रेस दिली की स्पीकरमधून शिट्टी

2014 ची पेट्रोल हॅचबॅक. अ‍ॅम्प्लिफायर बसवल्यापासून इंजिन चालू असलं की स्पीकरमधून शिट्टी येते, रेस दिली की सूर चढतो. मुंबई नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये तर कानात डास शिरल्यासारखं वाटतं! नुसती चावी फिरवून गाणी लावली तर आवाज स्वच्छ. व्हॉल्यूम शून्य केला तरी शिट्टी तेवढीच.

अ‍ॅम्पची अर्थिंग रंग खरवडून बॉडीला दिली, आरसीए केबल (स्टिरिओतून अ‍ॅम्पकडे आवाजाचा सिग्नल नेणारी) नवी टाकली, फरक शून्य. आरसीए काढली की शिट्टी गायब. (डाव्या दारातला स्पीकर खरखरतो, पण तो उजवीकडे लावला तरी खरखरतो, म्हणजे तो बदलणारच.)

बॅटरीची वायर आणि आरसीए ड्रायव्हरच्या बाजूनेच एकत्र गेल्यात. आयसोलेटर (आरसीएच्या मध्ये लावायची, अशी शिट्टी अडवणारी डबी) शक्यतो नको, स्वस्तातला बास खातो. कार्पेट उचलून वायरी वेगळ्या करू, की आधी स्टिरिओची अर्थिंग अ‍ॅम्पच्याच बोल्टला नेऊन बघू?