अकरावी कॉमर्सचा उद्योजकता प्रकल्प: एआयला बंदी की नियम?

प्राचार्य, सोलापूर
६० मुलं, १२ गट. एआयची मोकळीक दिली, तर बाराही आराखडे एकाच साच्याचे आले: चादरी-टॉवेल ऑनलाइन विकायचे, नफा ४० टक्के. चाटी गल्लीच्या कापडबाजारात मात्र कुणी फिरकलं नाही. शिक्षकांना नेमकं काय ठरवून देऊ?

वाणिज्य शिक्षक
सर, बंदी नको, क्रम उलटा करा. पहिले दोन आठवडे फक्त वही. गटाने आठ दुकानदार गाठायचे: कुठला माल पडून राहतो, कुठला परत येतो, उधारी किती दिवसांची. मग ती टिपणं एआयला देऊन आराखडा मागायचा नाही. "आमची कल्पना कुठे फसेल, ते या टिपणांवरूनच सांग," असं विचारायचं.

हिशेब मात्र हातानेच. शेंगा चटणीचं घ्या. (भाव उदाहरणादाखल, मंडईत जाऊन बदला.) दाणे १ किलो १४० रुपये, तिखट १०० ग्रॅम ३०, लसूण-जिरे-मीठ १०० ग्रॅम २०. एआय सरळ बेरीज करतो: १२०० ग्रॅम, म्हणजे २०० ग्रॅमची सहा पाकिटं. पाकीट आणि लेबलचे ६ रुपये धरून एक पडतं ३८ ला. पण भाजून, फोल काढून दाण्यात साधारण १०० ग्रॅम घट येते. पाकिटं पाचच भरतात. त्यात कुटणाऱ्या बाईंची दोन तासांची मजुरी १२०. खरी किंमत ६८. दुकानदाराने छापील किमतीवर २० टक्के ठेवले, तर ८५ छापूनही हाती नफा शून्य! आणि एआय सांगतो मिक्सर वापरा. उखळात कुटून तेल सुटलं नाही, तर सोलापुरात ती चटणी कोण घेईल?

लेबलही तपासा. एआयने केलेल्या नमुन्यात एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा परवान्याचा) १४ अंकी क्रमांक मनाने घातलेला असू शकतो.

पर्यवेक्षक
वरचं बरोबर, पण सुट्या ३५ मिनिटांच्या तासिकेत यातलं काही होत नाही. आठवड्यातून एकदा सलग दोन तासिका द्या; ते वेळापत्रक तुमच्याच हातात आहे. लॉगिन शिक्षकाचं, प्रोजेक्टरवर, गट आळीपाळीने. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्यांना बालक धरतो, त्यात पालकांच्या संमतीची अट आहे. मुलांना आपापली खाती उघडायला लावू नका. दुकानदाराचं नाव, मोबाइल नंबर एआयमध्ये टाकायचा नाही.

प्राचार्य, सोलापूर
आणि गुण?

वाणिज्य शिक्षक
५० पैकी २० वहीला, १५ हिशेबाला, १० तोंडीला, छापील आराखड्याला ५ च. आराखड्याला जास्त दिलेत की पुन्हा तेच चकचकीत कागद येणार. तोंडीला एकच आकडा हलवायचा: दाणे किलोमागे २० रुपयांनी महागले, आता? पाकीट ७२ ला पडतं, छापील किंमत किमान ९०. ज्याने स्वतः मांडलंय तो मिनिटात सांगतो. गटातल्या कुणालाही उठवा, म्होरक्यालाच नको.