विषय: रविवारची बॅडमिंटन बॅच (गोपीचंदवर दहा ओळी हव्यात)

प्रेषक: क्रीडा समिती
प्रति: सर्व सभासद

नमस्कार मंडळी,

शाळेचा हॉल अखेर मिळाला. पुढच्या महिन्यापासून दर रविवारी सकाळी आठ ते दहा, दोन कोर्ट. आतापर्यंत चौदा मुलांची नावं आली आहेत. पहिल्या दिवशी मुलांना एखाद्या भारतीय खेळाडूची गोष्ट सांगायची ठरलंय. सिंधू सगळ्यांना ठाऊक आहे, पण तिला घडवणारा प्रशिक्षक पुलेला गोपीचंद चौदातल्या दोघांनाच माहीत निघाला. काका, दहा ओळी लिहून द्याल का? खरंच दहा. कागद भिंतीवर लावायचाय.

दुसरं म्हणजे, तीन पालकांनी मला गोपीचंदचंच एक वक्तव्य व्हॉट्सॲपवर पाठवलंय. घरी पैसा किंवा धंदा नसेल तर मुलांना खेळाडू करायच्या फंदात पडू नका, अशा अर्थाचं. काय बोलायचं ते इथेच बोला, त्यासाठी आणखी एक ग्रुप नको.

आपला,
सचिव

---

प्रेषक: काका
प्रति: सर्व सभासद

अरे सचिवा,

दहा ओळी मला जन्मात जमल्या नाहीत. सगळं लिहितो, कात्री तू लाव.

सुरुवात माझ्याच नामुष्कीपासून. ११ मार्च २००१, रविवार. होळी शुक्रवारीच होऊन गेली होती, पण इथे इंग्लंडमध्ये आपल्याकडे सण रविवारी येतो, त्यामुळे पुरणाचा घाट त्या दिवशी. मी पहाटे चारला उठून मोडेमची कुरकुर ऐकत कोलकात्याच्या कसोटीचा स्कोअर बघत बसलेला. हरभजनने पाँटिंग, गिलख्रिस्ट आणि वॉर्न लागोपाठ तीन चेंडूंवर काढले, तेव्हा मी ओरडलो आणि ही दचकून जिन्यात आली. मग पोटभर पुरणपोळी, वर तूप, आणि दुपारी ताणून दिली.

मी झोपलो होतो तेव्हा गोपीचंद ऑल इंग्लंड या बॅडमिंटनच्या मानाच्या स्पर्धेची फायनल खेळत होता. कुठे, तर बर्मिंगहॅमच्या नॅशनल इनडोअर अरीनात, माझ्या तेव्हाच्या हार्बर्नच्या घरापासून जेमतेम तीन मैलांवर. चीनच्या चेन हाँगला १५-१२, १५-६ असं हरवून त्याने करंडक घेतला. १९८०च्या प्रकाश पदुकोणनंतर एकवीस वर्षांनी. दुसऱ्या दिवशी मेव्हण्याचा मुंबईहून फोन. "काय रे, तू होतास ना तिथे?" मी "हो" म्हणालो. चोवीस वर्षं हे खोटं रेटलं. आज लिस्टवर कबूल करतो, मेव्हणा या लिस्टवर नाही म्हणून.

फायनलपेक्षा आदल्या दिवशीची सेमीफायनल मोठी होती, असं माझं मत. समोर डेन्मार्कचा पीटर गेड, जगात पहिला. गोपीने त्याला १७-१४, १७-१५ असं काढलं. हल्लीच्या मुलांना हे आकडे चुकीचे वाटतील, म्हणून सांगतो. तेव्हा गेम पंधराचा असे आणि गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्याला मिळे. १४-१४ झालं की सतरापर्यंत वाढवायची सोय होती. त्यामुळे एकेका गुणासाठी सर्व्हिस चार चार वेळा इकडून तिकडे जाई. २००६ मध्ये एकवीसची पद्धत आली आणि ती चिवट लढत संपली. (माझ्यासारख्याला दमही कमी लागायला लागला, ते सोडा.)

आता आपल्या पुण्याचा संबंध. १९९४ साली पुण्यात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या, बालेवाडीचं संकुल उभं राहिलं ते त्यासाठीच. त्या स्पर्धेत दुहेरीचा सामना खेळताना गोपी जोडीदारावर आदळून पडला आणि डाव्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला. तेव्हा तो वीस वर्षांचा. नंतर शस्त्रक्रिया, महिनोन् महिने कोर्टाबाहेर. तरी १९९६ मध्ये पहिल्यांदा राष्ट्रीय विजेता झाला आणि २०००पर्यंत सलग पाच वर्षं राहिला. १९९८ला क्वालालंपूरच्या कॉमनवेल्थमध्ये एकेरीत ब्राँझ. २०००ला सिडनी ऑलिंपिक, तिथे तो पुढे सुवर्ण जिंकलेल्या खेळाडूकडून हरला.

ऑल इंग्लंडनंतर शीतपेयाच्या जाहिरातीचा प्रस्ताव आला तो त्याने नाकारला. आपण स्वतः पीत नाही ते मुलांना प्या म्हणून कसं सांगायचं, एवढंच त्याचं म्हणणं. तेव्हा त्याला वेड्यात काढणारे लोक मी या मंडळातही पाहिलेत. त्या सुमारास त्याच्याकडे फार पैसा होता अशातला भाग नाही.

अकादमीचं आता थोडक्यात, हात दुखला. २००३ मध्ये आंध्र सरकारने गच्चीबावलीला पाच एकर जागा भाडेपट्ट्याने दिली. जागा मिळाली पण बांधायला पैसे नव्हते, तेव्हा याने राहतं घर गहाण टाकलं. उद्योजक निम्मगड्डा प्रसाद यांनी पाच कोटी दिले आणि २००८ साली अकादमी उभी राहिली. पहाटे साडेचारपासून कोर्टवर, स्वतः. त्यातून सायना, कश्यप, श्रीकांत, सिंधू, साई प्रणीत, प्रणॉय. बॅडमिंटनपटू नंदू नाटेकरांच्या सांगलीहून आलेला मी, मला बॅडमिंटनमधल्या मोठेपणाचं अप्रूप लहानपणापासून आहे. पण जिंकलेला माणूस स्वतःचा खेळ संपल्यावर दुसऱ्याचं फुटवर्क बघत वीस वर्षं कोर्टाच्या कडेला उभा राहतो, हे मला ऑल इंग्लंडपेक्षा अवघड वाटतं.

तुमचा,
काका

---

प्रेषक: कॉव्हेंट्रीचा भाचा
प्रति: सर्व सभासद

काका, एक करेक्शन. सिडनीत गोपीचंद इंडोनेशियाच्या हेंद्रावानकडून हरला, आणि हेंद्रावानला सिल्व्हर मिळालं. गोल्ड चीनच्या जी शिनपेंगचं होतं. त्याच जी शिनपेंगला गोपीचंदने सहा महिन्यांनी बर्मिंगहॅमला सरळ दोन गेममध्ये हरवलं, म्हणजे गोष्ट आणखी चांगली होते. आणि हा हेंद्रावानही नंतर कोच झाला, मलेशियात ली चाँग वेईचा.

माझं मराठी टायपिंग आईने तपासलंय.

---

प्रेषक: फिजिओ ताई
प्रति: सर्व सभासद

काका, मेव्हण्याला मी कळवू का?

गुडघ्याबद्दल मला बोलू दे, माझा रोजचा धंदा तोच आहे. काकांनी ज्याला लिगामेंट म्हटलंय तो म्हणजे एसीएल, गुडघ्याच्या आत तिरका जाणारा पट्टा. बॅडमिंटनमध्ये माणूस मागच्या कोपऱ्यातून उडी मारून एका पायावर उतरतो आणि उतरता उतरताच नेटकडे वळतो. त्या क्षणी गुडघा आत वळला की काम झालं. १९९४ साली भारतात या दुखापतीनंतर पुन्हा वरच्या दर्जाचं खेळणं म्हणजे मोठीच गोष्ट. आज सोयी कितीतरी आहेत, तरी स्पेनच्या कॅरोलिना मारिनचं बघा. २०१९ला उजवा, २०२१ला डावा, आणि २०२४ला पॅरिस ऑलिंपिकच्या सेमीफायनलमध्ये जिंकत आलेली असताना पुन्हा उजवा.

आणि लंडन २०१२ आठवतंय? सायनाच्या ब्राँझच्या सामन्यात पहिला गेम २१-१८ वांग शिनने घेतला होता. दुसऱ्यात एक गुण झाला आणि वांग शिनने गुडघ्यामुळे सामना सोडला. भारताचं बॅडमिंटनमधलं पहिलं ऑलिंपिक पदक तिथे आलं. सायनाने आनंद साजरा करावा की नाही, अशी तिची अवस्था झालेली दिसत होती. त्या दिवशी गोपीचंदला पुणं आठवलं असेल का, असं माझ्या मनात आलं होतं. विचारणार कोण!

माझी एकच अट. मुलांना पहिले दोन रविवार उड्या नकोत. एका पायावर उतरायचं कसं ते आधी शिकवेन.

---

प्रेषक: एक बाबा (दोन मुलं, नाव नोंदवलेली)
प्रति: सर्व सभासद

मी त्या तीन पालकांपैकी एक. काकांच्या भक्तीला धक्का लावायचा नाही, पण वक्तव्य जिथून आलं ते तर बघा. ज्याने स्वतःचं घर गहाण टाकलं, ज्याची बायको पी. व्ही. व्ही. लक्ष्मी १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकला खेळली, ज्याची मुलगी गायत्री आज भारताकडून दुहेरी खेळते, तो हे म्हणतोय. त्याने आपल्या अकादमीत शंभरातली नव्याण्णव मुलं रिकाम्या हाताने घरी जाताना पाहिली असणार. (हे नव्याण्णव माझे, त्याचे नव्हेत.) पदक मिळालेल्यांची नावं काकांनी एका दमात सांगितली. न मिळालेल्यांनी दहावीनंतर काय केलं? शिक्षण सुटलं, वय गेलं, नोकरी नाही. त्यांच्यासाठीच तो बोलला असं मला वाटतं.

दुसरं, सगळं गोड नाही. राष्ट्रीय मुख्य प्रशिक्षक तोच आणि अकादमीही त्याचीच, यावर वर्षानुवर्षं कुरबुर होती. दुहेरीकडे दुर्लक्ष होतं, अशी तक्रार दुहेरी खेळणाऱ्या ज्वाला गुट्टाने जाहीरपणे केली होती. सायना २०१४ला त्याला सोडून बंगळूरला प्रशिक्षक विमलकुमारकडे गेली, २०१७ला परत आली. चांगला प्रशिक्षक म्हणजे सगळ्यांचं बरोबर चालणारा माणूस, असं काही नसतं.

---

प्रेषक: काका
प्रति: सर्व सभासद

भाच्याचं करेक्शन मान्य. आईला म्हणावं टायपिंग माझ्यापेक्षा बरं आहे.

बाबा, तुमचं निम्मं पटलं. दुहेरीचं तर पूर्णच. पुढे सात्विक आणि आपला मुंबईचा चिराग जगात पहिले झाले तेव्हा तो अनुशेष भरून निघाला, पण उशिराच. चिराग आधी गोरेगावात उदय पवारांकडे शिकला, मग हैदराबादला गेला, म्हणजे एकाच माणसाच्या खांद्यावर सगळं नव्हतंच.

न पटलेलं निम्मं असं. २०१६च्या रिओ ऑलिंपिकच्या आधी त्याने तीन महिने सिंधूचा फोन काढून घेतला होता, आइस्क्रीम बंद, तिला आवडणारं गोड दहीही बंद. मारिनविरुद्धची फायनल ती २१-१९, १२-२१, १५-२१ अशी हरली. रौप्यपदक. आणि हरल्याबरोबर याने सांगितलं, आता हिला फोन देतो, आइस्क्रीम खाऊ देतो. सगळे लोक हे शिस्तीचं उदाहरण म्हणून सांगतात. मला त्यात बंदी उठवायला आतुर झालेला माणूस दिसतो. त्याने तीन महिने हिशेब ठेवला होता, आपण हिच्याकडून काय काय काढून घेतलंय याचा. तोच हिशेब तुमच्या त्या वक्तव्यातही आहे, पैशाच्या भाषेत.

आपली बॅच काही ऑलिंपिकला चाललेली नाही. तुमची दोन्ही पोरं पाठवा.

---

प्रेषक: क्रीडा समिती
प्रति: सर्व सभासद

मंडळी,

काकांच्या हजार ओळींतून दहा काढल्या आहेत, पुरणपोळी वगळून. हेंद्रावान दुरुस्त केला. ताईंची अट मान्य, पहिले दोन रविवार उडी नाही.

पिसांची फुलं (शटलकॉक) महाग पडतात आणि लहान मुलं एका तासात त्यांचा पिसारा करतात, म्हणून सध्या नायलॉनचीच आणतो. बुटांचा तळ काळा नको, शाळेच्या फरशीवर डाग पडतात आणि डिपॉझिट जातं. बाबांनी दोन्ही मुलांची नावं कायम ठेवली आहेत.

हॉलची चावी कोणाकडे ठेवायची तेवढं राहिलं.

---

प्रेषक: काका
प्रति: सर्व सभासद

माझ्याकडे दे. पावणेआठला उघडतो. साडेचारला नाही.